‘दोकुत्सु मोनोगातारी’ : दुसऱ्या वाचनाची अट

‘केव्ह स्टोरी’ या इंग्रजी नावाने परिचित असलेला ‘दोकुत्सु मोनोगातारी’ हा जपानी व्हिडिओ गेम दाइसुके अमाया यांनी ‘पिक्सेल’ या टोपणनावाने २००४ मध्ये विनामूल्य उपलब्ध करून दिला. आज्ञावली, चित्रे, संगीत आणि कथा हे सारे त्यांनी सुमारे पाच वर्षे एकट्याने रचले. मात्र एककर्तृत्वाच्या कौतुकात या संहितेतील मुख्य पेच दुर्लक्षित राहतो.

आकाशात तरंगणाऱ्या बेटावर स्मृती हरवलेला एक मुका यंत्रमानव जागा होतो. बाजूने दिसणाऱ्या पडद्यावर तो धावतो, उड्या मारतो, गोळ्या झाडतो. मेलेल्या शत्रूचे त्रिकोण वेचले की शस्त्राची पातळी वाढते आणि घाव बसला की ती घटते. जखम देहाबरोबर सामर्थ्यालाही होते, हा संकेत लक्षणीय आहे.

पुढे चक्रव्यूहात प्राध्यापक बूस्टर उंचावरून कोसळतो. खेळाडू स्वाभाविकपणे त्याच्याजवळ जातो. बूस्टर त्याला उडण्याचे एक अपुरे यंत्र देतो आणि प्राण सोडतो. याउलट, त्याच्याशी न बोलता ती दरी उडी मारून ओलांडली, तर तो वाचतो, पुढे अधिक समर्थ यंत्र देतो आणि बेट तारणाऱ्या शेवटाचा मार्ग खुला होतो. इझरप्रणीत ‘रिक्त जागा’ वाचक कल्पनेने भरतो. येथे ती अक्षरशः दरी आहे, आणि ती न भरताच ओलांडावयाची आहे.

संहिता याची पूर्वसूचना देत नाही. परिणामी ‘उत्तम’ शेवट बहुधा दुसऱ्यांदा खेळणाऱ्याच्या किंवा कुणाकडून ऐकलेल्याच्याच वाट्याला येतो. करुणेची जागा माहिती घेते, हा आक्षेप रास्तच आहे. पण प्रसंगाचे सामर्थ्यही तेथेच आहे, असे मला वाटते. जाणता खेळाडू बूस्टरला वाचविण्यासाठी जे करतो आणि निष्ठुर खेळाडू जे करील, त्या दोन्ही कृती पडद्यावर तंतोतंत सारख्या दिसतात. नायक मुका असल्याने निवेदनही त्यांत भेद करू शकत नाही. (बक्षिसाचे यंत्र मात्र हा ताण हलका करते, त्यामुळे बूस्टर गमावलेला मधला शेवटच मला अधिक प्रामाणिक वाटतो.)

तुलनेने काझुमाबरोबर आकाशनागावर बसून पळून जाण्याविषयी खेळाडूला स्पष्ट विचारले जाते. तेथे होकार वा नकार देता येतो. बूस्टरपाशी असा प्रश्नच समोर येत नाही. पहिल्या खेळीत तर आपण काही निवडले, हेही कळत नाही.