मालेगावच्या ‘शोले’ची मूळ प्रत कोणती?

शिंदखेड्यात माझ्या कपाटात ‘मालेगाव के शोले’ची एक व्हीसीडी आहे. परवा लावली, तर अर्ध्यावर चित्राचे चौकोन झाले आणि ती अडकली. दरोडेखोरांना घोड्यांऐवजी सायकली देणारा शेख नासिर यांचा हा २०००चा चित्रपट व्हिडिओ कॅमेऱ्यावर चित्रित झाला, दोन व्हीसीआर जोडून संकलित झाला. अशा संकलनात टेपवरून टेपवर नक्कल होते. म्हणजे पहिली पूर्ण प्रत हीच मुळी दुसरी पिढी. पुढे व्हीसीडीने तिला ३५२ बाय २८८ ठिपक्यांत बसवले.

फैझा अहमद खान यांचा ‘सुपरमेन ऑफ मालेगाव’ (२००८) हा माहितीपट मला आवडतो, रीमा कागती यांचा २०२४चा चित्रपटही पाहिला. दोन्ही स्वच्छ दिसतात. ज्यांच्यावरून ते निघाले, ते चित्रपट मात्र धूसर होत चालले आहेत.

नव्या सॉफ्टवेअरने ते लख्ख करावेत, असे एक मित्र सुचवतो. मला पटत नाही. सॉफ्टवेअर नसलेले तपशील कल्पनेने भरते, चेहराच बदलायचा (नाटकवाले निदान रंग तरी पुसतात!). सर्वांत जुनी टेप शोधून आहे तशी उतरवावी, ओरखड्यांसकट. माझ्या तबकडीचा वाचता आला तेवढा भाग मी हार्डडिस्कवर घेतला आहे. उरलेल्या अर्ध्यासाठी धुळ्याच्या जुन्या व्हिडिओ लायब्ररीवाल्यांकडे विचारपूस चालू आहे.