कृष्णाची नमुना सही

बँकेत वीस वर्षं सह्या पडताळून एवढं शहाणपण मला आलं आहे, की खऱ्या माणसाची सही नमुन्याच्या सहीशी तंतोतंत कधीच जुळत नाही. जी तंतोतंत जुळते तिच्याबद्दल संशय घ्यावा. ती कोणीतरी सावकाश गिरवलेली असते. चित्रकला हा विषय आम्हाला बी.कॉम.ला नव्हता. त्यामुळे बाळकृष्णाची चित्रंसुद्धा मी याच नजरेनं पाहतो.

आमच्या गिरगावचा या प्रकरणात मोठा हात आहे. राजा रविवर्म्याने १८९४ साली आपला छापखाना इथेच काढला आणि तैलरंगातले देव चाळीतल्या खोल्यांत खिळ्याला टांगले गेले. आमच्या आजीच्या भिंतीवर यशोदा होती. ती गाईची धार काढते आहे आणि कृष्ण भांडं घेऊन जवळ उभा आहे. बस्स, इतकंच. राक्षस नाही, चमत्कार नाही. घरातलं मूल दुधासाठी थांबतं तसं थांबलेलं मूल.

त्याच छापखान्यात काम केलेल्या दादासाहेब फाळक्यांनी १९१९ साली ‘कालिया मर्दन’ काढला आणि कृष्ण केलं आपल्या मुलीला, मंदाकिनीला. सुरुवातीला ती नुसते चेहऱ्यावरचे भाव करून दाखवते. सही पुन्हा जरा बदलली, पण माणूस तोच. पुढे रघुवीर मुळगांवकरांच्या कॅलेंडरांनी कृष्णाला इतकं गुळगुळीत केलं, की गाल ओढावेसे वाटावेत. (आमच्याकडे वर्ष संपलं तरी ते कॅलेंडर उतरत नसे. तारखा चुकायच्या, कृष्ण नाही.)

मग आली ‘अमर चित्र कथा’. अनंत पैंनी ही मालिका १९६७ साली सुरू केली. पहिले दहा अंक परदेशी परीकथांचे; अकरावा आपला कृष्ण, आणि चित्रकार राम वाईरकर. माझी प्रत दादरच्या एका रद्दीवाल्याकडून आणलेली, पान सुटत आलेली. ती उघडली की या बाळाच्या मागे आजीच्या भिंतीवरचं बाळ उभं आहे हे मला तरी दिसतं. पण वाईरकर गिरवत नाहीत. रविवर्म्याला एक क्षण रंगवायला सगळा कॅनव्हास मोकळा. यांना ३२ पानांत जन्मापासून कंसापर्यंत जायचं. तोच चेहरा चौकटीमागून चौकटीत काढायचा, तर रंगांची ती सगळी छाया परवडत नाही. म्हणून ते चार रेषांत भागवतात, आणि त्या चार रेषा पळतात! कवींनी कौतुकानं ‘घननीळ’ म्हटलं होतं. छापखान्यानं ते शब्दशः घेऊन मुलाला सरळ निळा केला, तरी तो खोटा वाटत नाही. याच हातानं १९८३ पासून ‘टिंकल’मध्ये सुपंडी काढला. पोराच्या अंगात काय काय असतं, हे त्या हाताला बरोब्बर ठाऊक होतं.

सही खरी आहे, माझं मत पक्कं. तक्रार वेगळी. या कृष्णाला थांबायला वेळ नाही. एक राक्षस आटोपला की दुसरा रांगेत. यशोदा बिचारी चौकटीच्या कडेला उभी राहून नवल करते. चित्रात ती काम करत होती आणि मुलगा तिच्यासाठी थांबला होता. इथे सगळं गोकुळ मुलासाठी थांबलं आहे. आणि आता नमुन्याचं कार्डच बदललं. लालबागेत गोकुळाष्टमीला पोरांना सजवतात तेव्हा आया रविवर्म्याला विचारत नाहीत. त्यांच्या डोळ्यांपुढे लहानपणी वाचलेलं पुस्तक असतं.

माझा भाचा परळला राहतो, वय वर्षं आठ. त्याला मी मुद्दाम आजीची तसबीर दाखवली. त्यानं खालून वर, वरून खाली पाहिली आणि विचारलं, “मामा, पुढे काय होतं?”

“काही नाही. दूध मिळतं.”

“कुठे मिळालंय?”

तो अगदी काचेला नाक लावून उभा राहिला. मी चहा पिऊन कप विसळून आलो तरी तो तिथेच होता.