गुणफलकामागील विज्ञान

संगणकाला अवघड जाणारी पण माणसाच्या नजरेला किंवा अंदाजाला साधणारी कामे खेळाच्या रूपात लोकांपुढे ठेवायची, आणि त्यांच्या खेळण्यातून निघालेली उत्तरे एकत्र करून मूळ प्रश्न सोडवायचा, ही मानवी संगणनाची एक महत्त्वाची शाखा. कार्नेगी मेलन विद्यापीठातील लुईस फॉन आन आणि लॉरा डॅबिश यांचा 2003 मधील 'ईएसपी गेम' हा तिचा पहिला ठळक नमुना होय. परस्परांशी संपर्क नसलेल्या दोन अनोळखी खेळाडूंना एकच चित्र दिसे. दोघांनी टंकलेला शब्द जुळला की गुण मिळत आणि तो शब्द त्या चित्राचे लेबल ठरे. वारंवार जुळलेले शब्द पुढील जोड्यांना निषिद्ध असल्यामुळे वर्णन उत्तरोत्तर नेमके होत जाई. पहिल्या चार महिन्यांत सुमारे 13,600 खेळाडूंनी 12 लाखांहून अधिक लेबले दिली. उत्तराची पडताळणी खेळातच होत असल्यामुळे ही रचना आजही देखणी वाटते. मात्र तिने माणसाकडून फक्त ओळख मागितली, विचार मागितला नाही, आणि चित्रे ओळखण्याचे ते काम पुढे यंत्रे स्वतःच शिकली.

या कलेची खरी उंची वॉशिंग्टन विद्यापीठात 2008 मध्ये सुरू झालेल्या 'फोल्डिट'मध्ये दिसते. प्रथिन म्हणजे अमिनो आम्लांची लांब साखळी. ती स्वतःभोवती घडी घालून विशिष्ट आकार घेते व त्या आकारावर तिचे कार्य ठरते. शक्य आकारांची संख्या इतकी प्रचंड असते की प्रत्येक तपासणे कोणत्याही संगणकाच्या आवाक्याबाहेरचे आहे. फोल्डिटमध्ये ही साखळी पडद्यावर रंगीत आकृतीच्या रूपात येते. खेळाडू तिचे भाग ओढतो, दोन टोकांना काल्पनिक रबराने जखडतो, एखादा भाग गोठवून उरलेला हलवतो, आणि रचनेची ऊर्जा जितकी कमी तितके गुण वाढतात. डेव्हिड बेकर यांच्या प्रयोगशाळेतील 'रोझेटा' ही संगणकप्रणाली बऱ्यापैकी आकार सापडला की तिथेच अडकून राही. याउलट खेळाडू हाती असलेले गुण जाणीवपूर्वक गमावून, रचना बरीचशी उलगडून ती नव्याने बांधायला तयार होत. एका माकडाच्या विषाणूतील प्रोटिएज या विकराची रचना दहा वर्षांहून अधिक काळ उकलली नव्हती. 2011 मध्ये खेळाडूंनी सुमारे तीन आठवड्यांत असा आराखडा दिला की त्याच्या आधारे स्फटिकातून मिळालेल्या क्ष-किरणांच्या नोंदींचा अर्थ लावता आला.

यापेक्षाही मोलाची गोष्ट म्हणजे खेळाडूंना आपल्या चालींची छोटी आज्ञावली लिहून इतरांना देण्याची सोय होती. या 'रेसिपी' हातोहात गेल्या, सुधारल्या गेल्या, आणि 'ब्लू फ्यूज' नावाची त्यांतील एक, बेकर यांच्याच प्रयोगशाळेत स्वतंत्रपणे तयार झालेल्या व तोवर अप्रकाशित असलेल्या पद्धतीशी विलक्षण जुळणारी निघाली. अनेकांनी मिळून अल्गोरिदम शोधला, ही या क्षेत्राची सर्वांत भक्कम कमाई मानावी लागेल.

दावे मात्र नेहमीच इतके टिकले नाहीत. डेन्मार्कमधील आऱ्हूस विद्यापीठाच्या 'क्वांटम मूव्ह्ज'मध्ये खेळाडू अणूला एका जागेवरून दुसरीकडे अलगद नेत. त्यांच्या अंतःप्रेरणेने संगणकीय पद्धतींवर मात केल्याचा 2016 मधील शोधनिबंध, एक साधी संगणकीय पद्धतही खेळाडूंपेक्षा सरस ठरते असे दाखवले गेल्यानंतर, 2020 मध्ये मागे घेण्यात आला. मानवी बुद्धीच्या तुलनेसाठी समोर कोणती यंत्रपद्धती ठेवली, ती पुरेशी तासलेली होती का, हा प्रश्न या प्रकारच्या प्रत्येक निबंधाला विचारला गेला पाहिजे, आणि बहुतेक ठिकाणी तो उशिरा विचारला जातो. 2020 मध्येच 'अल्फाफोल्ड' या संगणकप्रणालीच्या दुसऱ्या आवृत्तीने प्रथिनांच्या रचना वर्तवण्यात जी मजल मारली, तिने फोल्डिटच्या मूळ उद्दिष्टाचीही निकड बरीच कमी केली.

तोवर फोल्डिटने नव्या प्रथिनांची रचना करण्याकडे मोर्चा वळवला होता, आणि खेळाडूंची उपयुक्तता येथे वेगळ्याच वाटेने सिद्ध झाली. आरंभी त्यांच्या रचनांना भरघोस गुण मिळत, पण त्यांत पाण्यापासून दूर राहणाऱ्या अमिनो आम्लांचा आतला गाभाच नीट जुळलेला नसे. गुणांकनाच्या सूत्रातील फटी खेळाडूंनी अचूक हेरल्या होत्या. संशोधकांनी त्या फटी एकेक करून बुजवल्या, नवे नियम घातले, आणि 2019 मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार प्रयोगशाळेत तपासलेल्या 146 रचनांपैकी 56 स्थिर घडी घेणाऱ्या निघाल्या. गुणांच्या हव्यासापोटी खेळाडूंनी सूत्राची जितकी कसून झडती घेतली, तितकी संशोधकांनी एरवी क्वचितच घेतली असती.