साहेबाच्या खुर्चीत बसून वाचताना

फिलिप मेडोज टेलरची १८३९ची ‘कन्फेशन्स ऑफ अ ठग’ मी उघडली ती आमच्या हिंगोलीसाठी. प्रस्तावनेत इथल्या छावणीतला हरिसिंग भेटतो: वरून प्रतिष्ठित व्यापारी, आतून ठगांचा म्होरक्या. मुलूख निजामाचा, पण कंपनीचा १८३६चा तिसावा कायदा हद्दीबाहेरच्या टोळ्यांनाही लागू होता. खून सिद्ध करायची गरज नाही. टोळीत होता एवढं पुरे, जन्मठेप!

कादंबरीही याच कायद्याने चालते. माफीचा साक्षीदार अमीर अली बोलत राहतो, साहेब ऐकतो. उलटतपासणी होत नाही. गोष्ट रंगते आणि आपण नकळत साहेबाच्या खुर्चीत जाऊन बसतो. मला खटकतं ते हेच. पुस्तक जरूर वाचा, पण अधूनमधून त्या खुर्चीतून उठा.