परिभाषेचे कोश आणि वर्गातील भाषा : भारतीय भाषांच्या शैक्षणिक विकासासाठीच्या शासकीय प्रयत्नांची चिकित्सा

भारतीय संविधानाच्या अनुच्छेद ३५१ ने हिंदी भाषेचा प्रसार व विकास हे संघराज्याचे कर्तव्य ठरविले. हिंदीची शब्दसंपत्ती वाढविताना प्रामुख्याने संस्कृतचा आणि गौणत्वाने इतर भाषांचा आधार घ्यावा, असेही तेथे नमूद आहे. अन्य भारतीय भाषांच्या विकासाविषयी असे स्वतंत्र कर्तव्य सांगितलेले नाही. १९५६ च्या सातव्या घटनादुरुस्तीने आलेला अनुच्छेद ३५०-क हा भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक स्तरावर मातृभाषेतून शिक्षणाच्या सोयी असाव्यात, एवढ्यापुरताच आहे. म्हणजे हिंदीच्या वाट्याला 'विकास' आला आणि इतर भाषांच्या वाट्याला 'सोय'. या विषमतेची चर्चा आपल्याकडे पुष्कळ झाली आहे. तिच्या आड एक अधिक मूलभूत प्रश्न मात्र झाकला गेला : ज्या भाषेसाठी शासनाने खर्च केला, आयोग नेमले आणि कोश छापले, ती हिंदी तरी उच्च शिक्षणाची भाषा झाली काय? विज्ञान, अभियांत्रिकी व वैद्यक या शाखांपुरते बोलायचे तर उत्तर नकारार्थीच द्यावे लागते. मग दोष निधीच्या वाटपात शोधायचा की कार्यपद्धतीत, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

स्वातंत्र्योत्तर काळातील प्रयत्नांचा आरंभ शब्दांपासून झाला. १९५० मध्ये केंद्र शासनाने वैज्ञानिक परिभाषेसाठी मंडळ नेमले. १९६० मध्ये केंद्रीय हिंदी निदेशालय आणि १९६१ मध्ये वैज्ञानिक तथा तांत्रिक शब्दावली आयोग स्थापन झाला. डॉ. दौलतसिंह कोठारी हे या आयोगाचे पहिले अध्यक्ष. पुढे १९६४–६६ च्या शिक्षण आयोगाचे अध्यक्षपदही त्यांच्याकडेच होते आणि त्या आयोगाने विद्यापीठीय स्तरावर प्रादेशिक भाषांच्या माध्यमाचा पुरस्कार केला. शब्द घडविणारा आणि माध्यमाची शिफारस करणारा शास्त्रज्ञ एकच असावा, हा योग दुर्मीळ होता. त्याचे फलित मात्र अपेक्षेप्रमाणे पदरात पडले नाही.

आयोगाचे धोरण, वस्तुतः, लोकसमजुतीत आहे तितके आडमुठे नव्हते. नागपूर येथे राहून डॉ. रघुवीर यांनी जे कोशकार्य केले, त्यात मूलद्रव्यांनाही संस्कृतोद्भव नावे देण्यापर्यंत मजल गेली होती. त्यांचा बृहद् इंग्रजी–हिंदी कोश १९५५ मध्ये प्रसिद्ध झाला. आयोगाने हा मार्ग पूर्णतः स्वीकारला नाही. मूलद्रव्यांची व एककांची नावे, व्यक्तिनामांवरून आलेल्या संज्ञा आणि वनस्पती व प्राण्यांची द्विपद नावे आंतरराष्ट्रीय रूपातच ठेवावीत, 'इंजन', 'मशीन', 'मीटर' यांसारखे रुळलेले शब्द तसेच राहू द्यावेत, असे त्याने ठरविले. उरलेल्या संकल्पनांसाठी संस्कृत धातूंवरून शब्द घडवावेत, जेणेकरून सर्व भारतीय भाषांतील परिभाषेत अधिकाधिक एकरूपता राहील, अशी त्यामागची भूमिका होती.

या एकरूपतेच्या आशेची परीक्षा मराठी वाचकाला सहज घेता येते. मराठीत 'अणू' म्हणजे मूलद्रव्याचा अतिसूक्ष्म घटक आणि अणूंच्या संयोगाने होतो तो 'रेणू'. हिंदी पाठ्यपुस्तकात पहिल्याला 'परमाणु' म्हणतात आणि दुसऱ्याला 'अणु'. म्हणजे दोन्ही भाषांत तोच संस्कृत शब्द आहे, लिपीही तीच आहे आणि अर्थ मात्र एक पायरी सरकलेला आहे. मराठीत 'पेशी' हा सजीवाचा मूलभूत घटक. हिंदीत त्याला 'कोशिका' म्हणतात आणि 'पेशी' हा शब्द तेथे आपण ज्याला 'स्नायू' म्हणतो त्याच्यासाठी वापरतात. मराठीत आम्ल व आम्लारी यांच्या अभिक्रियेतून 'क्षार' तयार होतो. हिंदीत त्याला 'लवण' म्हणतात आणि 'क्षार' म्हणजे आपला अल्क. विज्ञानाच्या बाहेर पाऊल टाकले तरी हेच. हिंदीतील 'शिक्षा' मराठी विद्यार्थ्याला भीती घालते, हा विनोद जुना झाला. परंतु हिंदीत 'अनुसंधान' केले जाते आणि कायद्यात 'संशोधन' होते, तर मराठीत 'संशोधन' प्रबंधासाठी असते आणि 'अनुसंधान' राखायचे असते, हे आपल्या प्राध्यापकवर्गानेही कधीतरी अडखळत शिकलेले आहे.

या उदाहरणांचा अर्थ असा नव्हे की संस्कृताधारित परिभाषा निरुपयोगी आहे. 'प्रकाशसंश्लेषण', 'त्वरण', 'संवेग' हे शब्द दोन्ही भाषांत समान आहेत आणि शाळकरी मुले ते बिनदिक्कत वापरतात. अर्थ असा की शब्दाचा अर्थ धातूवरून ठरत नाही. तो वापरावरून ठरतो. मराठीतील 'अणू' आणि हिंदीतील 'अणु' यांच्या वाटा दिल्लीतील समितीने वेगळ्या केल्या नाहीत. दोन शिक्षकपरंपरांनी आपापल्या वर्गांत, आपापल्या क्रमिक पुस्तकांतून त्या रुळविल्या आणि नंतर कोणत्याही आयोगाला त्या जुळविता आल्या नाहीत. वापर आधी आणि कोश नंतर, हा भाषेचा स्वाभाविक क्रम आहे. शासकीय योजनांनी तो उलट केला : आधी लाखोंच्या संख्येने शब्द तयार केले आणि मग वापर होण्याची वाट पाहिली.

पुस्तकांच्या बाबतीतही हेच घडले. १९६८ च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणानंतर विद्यापीठीय स्तरावरील ग्रंथांसाठी केंद्राने प्रत्येक राज्यास एक कोटी रुपयांपर्यंत अनुदान देऊ केले. त्यातून हिंदी राज्यांत ग्रंथ अकादमी, गुजरातेत युनिव्हर्सिटी ग्रंथनिर्माण बोर्ड, आंध्रात तेलुगू अकादमी आणि आपल्याकडे नागपूरला महाराष्ट्र विद्यापीठ ग्रंथनिर्मिती मंडळ उभे राहिले वा कार्यप्रवण झाले. या मंडळाची पुस्तके महाविद्यालयांच्या जुन्या ग्रंथालयांत आजही आढळतात. त्यांतील कित्येक जाणकार प्राध्यापकांनी कष्टपूर्वक लिहिलेली आहेत, हे आवर्जून सांगितले पाहिजे. परंतु पाठ्यग्रंथ एकदा लिहून संपत नाही. अभ्यासक्रम बदलतो, विषय पुढे सरकतो, शिकविताना चुका सापडतात आणि दुसऱ्या-तिसऱ्या आवृत्तीत पुस्तक खऱ्या अर्थाने वर्गाचे होते. इंग्रजीतील नावाजलेली पाठ्यपुस्तके दहा-दहा आवृत्त्यांतून घडलेली असतात. आपली योजना पहिल्या आवृत्तीपाशी थांबली. ग्रंथ 'निर्माण' झाला, अनुदानाचा हिशेब पूर्ण झाला आणि पुस्तक कपाटात गेले. मराठीतून उत्तरे लिहिणाऱ्या कला व वाणिज्य शाखांच्या विद्यार्थ्याच्या हाती शेवटी काय आले? बाजारातील मार्गदर्शिका. मराठी माध्यमाची परीक्षा आणि मराठी ज्ञानग्रंथ यांच्यातील ही रिकामी जागा खाजगी प्रकाशकांनी आपल्या पद्धतीने भरली, आणि त्यांना दोष देण्यात फारसा अर्थ नाही.

याच काळात महाराष्ट्राने केलेल्या दोन कामांची तुलना उद्बोधक ठरेल. १९६० मध्ये स्थापन झालेल्या भाषा संचालनालयाने पदनाम कोशापासून विविध शास्त्रांच्या परिभाषा कोशांपर्यंत मोठे काम केले. दुसरीकडे तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या नेतृत्वाखाली मराठी विश्वकोशाचे काम चालले आणि त्याचा पहिला खंड १९७६ मध्ये निघाला. कोशात शब्द एकटा उभा असतो, तर विश्वकोशाच्या नोंदीत त्याला वाक्य चालवावे लागते. अवघड शब्द वाक्यात टिकतो की मोडतो, हे नोंद लिहिणाऱ्याला तत्काळ कळते. त्यामुळे विश्वकोशातील मराठी आजही वाचता येते. परिभाषा कोश मात्र आपण बहुधा अडल्यावरच उघडतो. सावरकरांनी सुचविलेल्या शब्दांपैकी 'महापौर' आणि 'दिग्दर्शक' टिकले ते वृत्तपत्रांनी रोज छापले म्हणून. त्यांच्याच यादीतील कितीतरी शब्द त्याच व्युत्पत्तीच्या बळावर टिकले नाहीत.

वापरातून परिभाषा घडविण्याचा सर्वांत मोठा भारतीय प्रयोग मात्र हिंदीचा नव्हे, उर्दूचा आहे, आणि मराठवाड्यामुळे तो महाराष्ट्राच्या इतिहासाचाही भाग आहे. निजामाच्या हैदराबाद संस्थानात १९१७ मध्ये भाषांतर विभाग, म्हणजे दारुत्तर्जुमा, स्थापन झाला आणि १९१८ मध्ये उस्मानिया विद्यापीठ सुरू झाले. पुढे वैद्यक व अभियांत्रिकीचे शिक्षणही तेथे उर्दूतून दिले जाई. येथे शब्द आणि वर्ग यांच्यात अंतर नव्हते : ज्या विषयाचे व्याख्यान सुरू व्हायचे, त्याचा ग्रंथ भाषांतरित व्हायलाच हवा होता. कार्यपद्धती म्हणून हा प्रयोग शब्दावली आयोगापेक्षा निःसंशय सरस होता. परंतु त्याची दुसरी बाजू लपविता येत नाही. संस्थानातील बहुसंख्य प्रजेची भाषा तेलुगू, मराठी वा कन्नड होती. औरंगाबाद किंवा नांदेडच्या मराठी मुलाला ही 'देशी भाषा' इंग्रजीइतकीच शिकून घ्यावी लागे. १९४८ मध्ये संस्थान विलीन झाल्यानंतर हे माध्यम टिकले नाही, याचे एक कारण या विसंगतीत शोधावे लागेल.

हा धडा हिंदीला लागू आहेच, पण तो मराठीलाही लागू आहे हे आपण सोयीस्करपणे विसरतो. गोंडी, कोरकू किंवा भिल्ली बोलणाऱ्या मुलाच्या दृष्टीने प्रमाण मराठीतील 'आम्लारी' ही त्याची मातृभाषा नव्हे. २००३ च्या घटनादुरुस्तीने संथाळी व बोडो आठव्या अनुसूचीत आल्या. महाराष्ट्रातील या भाषांना तेवढेही स्थान नाही.

गेल्या काही वर्षांत शासकीय प्रयत्नांना पुन्हा वेग आला आहे. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने किमान पाचवीपर्यंत मातृभाषेतून शिक्षणाचा पुरस्कार केला. २०२१ पासून अभियांत्रिकीचे पदवी शिक्षण मराठीसह काही भारतीय भाषांतून देण्यास अनुमती मिळाली. ऑक्टोबर २०२२ मध्ये भोपाळ येथे वैद्यकाच्या प्रथम वर्षाची हिंदी पुस्तके प्रकाशित झाली. २०२४ मध्ये 'अस्मिता' प्रकल्पातून पाच वर्षांत बावीस हजार पुस्तकांचे उद्दिष्ट जाहीर झाले, तर २०२५ च्या अर्थसंकल्पात भारतीय भाषांतील डिजिटल पुस्तकांची योजना मांडली गेली.

भोपाळच्या पुस्तकांची, इंग्रजी संज्ञा देवनागरीत लिहिल्या म्हणून, बरीच थट्टा झाली. ही थट्टा मला अस्थानी वाटते. वाक्यरचना हिंदी आणि संज्ञा आंतरराष्ट्रीय, ही पद्धत शब्दावली आयोगाच्या तत्त्वांपासून फार दूर नाही, आणि खेड्यातून आलेल्या विद्यार्थ्याला अडते ते संज्ञेपेक्षा वाक्यात अधिक. खरा प्रश्न वेगळाच आहे. बावीस हजार पुस्तके पाच वर्षांत काढायची तर यंत्रभाषांतराला पर्याय नाही. त्यासाठी 'अनुवादिनी'सारखी साधने तयारही झाली आहेत. यंत्राने काढलेला मजकूर तपासण्यास त्या विषयाचा आणि त्या भाषेचा अभ्यासक लागतो. उद्या एखादे पुस्तक हिंदीमार्गे मराठीत आले, तर 'अणु'चा 'अणू' होऊन रसायनशास्त्राचे पान शुद्धलेखनदृष्ट्या निर्दोष आणि अर्थदृष्ट्या चुकीचे होईल. ते ओळखणारा प्राध्यापक कोठून यावा?

येथे शासनाची दोन अंगे परस्परविरुद्ध वागताना दिसतात. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या विनियमांत संपूर्ण ग्रंथाच्या अनुवादास आठ गुण आहेत. मानव्यविद्येतील एका शोधनिबंधास दहा. ज्याने चारशे पानांचा ग्रंथ दोन वर्षे खपून मराठीत आणला, तो आठ पानांच्या निबंधाच्या मागे पडतो. कोणत्या कामासाठी वेळ द्यावा, हे मग प्राध्यापकाला वेगळे सांगावे लागत नाही. शालेय स्तरावरील 'सेमी-इंग्रजी' वर्गांची गोष्टही याच जातीची आहे. मराठी शाळा वाचविण्याच्या प्रामाणिक हेतूने गणित व विज्ञान इंग्रजीतून शिकविले जाऊ लागले. परिणामी बालभारतीने दशकानुदशके रुळविलेली मराठी परिभाषा ज्या पिढीच्या तोंडी असायला हवी होती, तिच्यापर्यंत ती पोहोचतच नाही. एप्रिल २०२५ मध्ये पहिलीपासून हिंदीच्या सक्तीचा निर्णय झाला, त्यावर राज्यभर वादळ उठले आणि जूनअखेर तो मागे घेण्यात आला. तो विरोध योग्यच होता. परंतु त्या दोन-अडीच महिन्यांत मराठी शाळेतील विज्ञान कोणत्या भाषेत शिकविले जाते, हा प्रश्न क्वचितच ऐकू आला.

आपल्या अखत्यारीतील एका लहानशा बाबीकडे लक्ष वेधणे येथे आवश्यक वाटते. कला व वाणिज्य शाखांच्या प्रश्नपत्रिकांत इंग्रजी प्रश्नांमागोमाग त्यांचे मराठी रूपांतर छापलेले असते आणि संदर्भासाठी मूळ इंग्रजी प्रश्नपत्रिका पाहावी, अशी सूचना त्यावर असते. वर्गातील बहुसंख्य विद्यार्थी मराठीतून लिहिणारे असले, शिकविणारा मराठीतून शिकवीत असला, तरी मूळ ते इंग्रजीच. प्रश्न मराठीतून काढावा, त्याचे इंग्रजी रूपांतर द्यावे आणि वाद उत्पन्न झाल्यास मराठी पाठ ग्राह्य धरावा, यासाठी आयोगाची वा अनुदानाची गरज नाही. अभ्यासमंडळाचा आणि परीक्षा मंडळाचा ठराव पुरेसा आहे. असा ठराव झाला तर संज्ञा नेमकी असण्याची जबाबदारी प्रथमच प्रश्न काढणाऱ्यावर येईल, आणि कपाटातील परिभाषा कोश त्यालाच सर्वांत आधी बाहेर काढावा लागेल.