तोडा, रंजक, बार

नांदेडला सचखंड श्री हजूर साहिबमध्ये संध्याकाळच्या आरतीनंतर गुरू गोविंदसिंगजींच्या शस्त्रांचं दर्शन घडवतात. तलवारी, धनुष्यं, पस्तीस बाणांचा भाता, रत्नजडित पोलादी ढाल. बहुतेकांची नजर तलवारींवर खिळते. माझी दर वेळी थांबते ती त्यांच्यातल्या तोडेदार बंदुकीपाशी. गुरूजींनी 1708 साली इथंच देह ठेवला, त्यामुळं ती वस्तू श्रद्धेची. चिकित्सेनं न्याहाळायची नव्हे. पण तिच्या जातीची बंदूक जवळून पाहावी असं वाटत राहिलं आणि हैदराबादच्या सालारजंग संग्रहालयातल्या शस्त्रांपुढं मी बराच वेळ उभा राहिलो.

आधी दिसते ती नळी, लांबलचक. लोखंडाची पट्टी तापवून पिळाप्रमाणे गुंडाळत न्यायची, ताव देऊन ठोकत एकजीव करायची, मग घासूनपुसून आम्लाचा हात फिरवायचा. तेव्हा लोखंडावर पाण्याच्या लाटांसारखी नक्षी उमटते. तिला जौहर म्हणतात. ही नक्षी वरून कोरलेली नसते. घडवताना दिलेला प्रत्येक पीळच तिथं दिसत असतो. नळी दस्त्यावर बसवलेली असते तीही पुष्कळदा चामड्याच्या वादीनं किंवा तारेच्या वेढ्यांनी बांधून. एवढी जाळ ओकणारी वस्तू अशी बांधलेली पाहिली की बैलगाडीचं जू आठवतं.

दस्ता सरळ, सडपातळ. युरोपातल्या बंदुकीसारखा खांद्यासाठी वाकलेला नाही. आणि घोडा? तो लाकडाच्या पोटात लपलेला असतो. एका फटीतून त्याचं दुभंगलेलं तोंड तेवढं बाहेर डोकावतं, सापाच्या जिभेसारखं. त्या तोंडात तोडा धरायचा. तोडा म्हणजे सोऱ्याच्या पाण्यात भिजवून वाळवलेली सुती दोरी. तिला ज्योत नसते, ती नुसती धुमसत राहते. नळीच्या बाजूला चिमूटभर रंजक, म्हणजे पेटवणीची बारीक दारू, मावेल एवढी वाटी, तिच्यावर सरकतं झाकण, आणि साखळीला लटकलेली एक सुई. नळीला पाडलेलं बारीक भोक, म्हणजे बंदुकीचा कान, काजळीनं बुजला की मोकळा करायला. ज्या कारागिरानं ही सुई विसरू नये म्हणून तिला साखळी जोडली, त्यानं ही बंदूक स्वतः हाताळलेली असणार, अशी माझी खात्री आहे.

या बंदुकीचं सौंदर्य मला बार उडण्यात दिसत नाही, बार भरण्यात दिसतं. दारू मापायची, नळीत ओतायची, गोळी सोडायची, गजानं ठासायची, कानावर रंजक घालून झाकण लावायचं, तोड्यावर फुंकर मारून निखारा जागा करायचा. यात हात जराही चुकला तर बार फुसका, नाहीतर नळीच फुटायची. प्रत्येक गोळीमागं माणसाला आपल्या हाताचा अंदाज पणाला लावावा लागे.

1760 च्या फेब्रुवारीत लातूरकडच्या उदगीरला सदाशिवरावभाऊंनी निजामाला नमवलं, त्यात भाऊंच्या बाजूनं इब्राहिमखान गारद्याची कवायती फौज होती. अशा कवायती शिपायाला मात्र मापून बांधलेलं कागदी काडतूस मिळे. काडतूस हा शब्दच आपल्याकडं पोर्तुगिजांकडून आला. माप शिपायाच्या हातून सुटलं ते तिथं.

पण ते माप पुन्हा हातात घेणारी माणसं आजही आहेत. परदेशात हौशी शिकारी आपल्या खांद्याच्या, हाताच्या मापानं दस्ता कोरून घेतात आणि उडालेल्या काडतुसाचं पितळी कवच स्वतः मापून पुन्हा भरायला जपून ठेवतात. पितळच का, हे कळलं की त्यांच्या हौसेतला रस कळतो. बार उडताच पितळ फुगून कोठीला घट्ट चिकटतं, वायू मागं येऊ देत नाही, आणि लगेच किंचित आकसून सुटतं. हे फुगणं-दाबणं वारंवार झालं की ते कडक होतं आणि गळ्याशी चिरतं. म्हणून गळ्याला तेवढा ताव देऊन पुन्हा मऊ करायचं, आकारात आणायचं, वाढलेली लांबी छाटायची. आपला तांबट हंडा घडवताना याहून वेगळं काय करतो? ठोकून पितळ ताठरलं की भट्टीत घालतो, मऊ झालं की पुन्हा ठोकायला घेतो.

आपल्याकडं 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं शिकारीचं पर्व संपवलं, आणि ते संपायलाच हवं होतं. पण हत्यारं घडवणाऱ्या हातांचं काय? नांदेडचे शिकलकरी शीख पिढ्यान्‌पिढ्या हत्यारं घडवणारे. शिकल म्हणजे धातूला दिलेली झळाळी, नाव त्यावरूनच पडलेलं. त्यांच्यातले कितीतरी हात आज बादल्या, कढया, विळे आणि किल्ल्या घडवतात. या हातांची कदर आपण ठेवली नाही, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

ठासणीच्या बंदुकीला मात्र कायद्यात अजून एक जागा आहे. 1959 च्या शस्त्र कायद्यात पीकसंरक्षणासाठी तिच्या परवान्याची तरतूद आहे. किनवट-माहूरच्या रानालगत रोही आणि रानडुकरं एका रात्रीत उभं पीक आडवं करतात, तिथं या तरतुदीचा अर्थ कळतो. बाकी सगळ्यांकडं उरलीय ती भाषा. लग्नाचा बार आपण अजून उडवून देतो. आणि बांधावर टेकलेला म्हातारा डाव्या तळव्यावर तंबाखू घेतो, नखानं चुना काढतो, अंगठ्यानं मळतो, थापटून भुकटी उडवतो, राहिलेल्या चिमटीचा अंदाज घेतो आणि ती ओठाआड दाबतो. विचारलं तर म्हणतो, बार भरला.