एकशे एक्कावन्न बैलगाड्या कुणी मोजल्या?

अमेरिकेतल्या बॉस्टन शहरात सेल्टिक्स नावाचा बास्केटबॉल संघ आहे. त्याच्या मैदानाच्या छताला हिरव्या-पांढऱ्या रंगाची निशाणे टांगलेली असतात. अठरा अजिंक्यपदांची अठरा निशाणे, आणि शेजारी काही नुसतेच आकडे. हे आकडे थोर खेळाडूंच्या बनियनवरचे. एकदा आकडा वर गेला की तो पुन्हा कुणाला मिळत नाही. आमच्या कोरेगावात पहाटे मोबाइलवर हे सामने पाहणारी पोरे आता आहेत आणि त्यांना हे सगळे आकडे तोंडपाठ असतात. त्यांना मी विचारतो, आपल्या सातारा-सांगलीकडे छताला टांगावे असे काय आहे? उत्तर ठरलेले : ‘खाशाबा.’ आणि श्वास न घेता पुढचे वाक्य : ‘पण सरकारने त्यांच्यासाठी काही केले नाही.’

पहिल्या वाक्यात अभिमान आहे, दुसऱ्यात तक्रार. ही दोन वाक्ये एकमेकांना इतकी चिकटली आहेत की एकावाचून दुसरे निघतच नाही. ती कशी चिकटली हे पाहण्यासाठी खाशाबा जाधवांविषयीचे मराठी लेखन मी गेली काही वर्षे सलग वाचतो आहे. त्यात चरित्रे आहेत, जयंतीचे लेख आहेत, शाळकरी भाषणे आहेत, आणि छापली न जाणारी पण सर्वांत जास्त ऐकली जाणारी शाखा, म्हणजे कुस्ती मैदानावरच्या निवेदकांचे बोलणे, तेही आहे. त्या वाचनातून काय हाती लागले ते मांडतो.

आधी एक आक्षेप निकाली काढू. बास्केटबॉल हा पाच जणांचा खेळ, कुस्ती एकट्याची, मग संघाच्या अभिमानाशी तिचा काय संबंध? हा आक्षेप घेणाऱ्याने आमच्याकडच्या जत्रेतले मैदान पाहिलेले नसावे. हलगी कडाडत असते, जोड लावली जाते, आणि निवेदक पैलवानाचे नुसते नाव कधीच घेत नाही. गाव अमुक, तालीम अमुक, अमुक वस्तादांचा पठ्ठा. मग इनाम कुणी लावले त्याचे नाव, त्याच्या वडिलांचे नाव, रक्कम. एका कुस्तीच्या घोषणेत इतकी माणसे आखाड्यात उतरतात. शेंबड्या पोरांच्या रेवड्यांवरच्या कुस्त्याही आळीच्या नावाने लागतात. तालीम हाच आमचा संघ. खुराक घरचा, दूध शेजारच्याचे, माती गावाची, आणि त्या मातीत ओतलेले तेल-ताक कुणी ना कुणी दिलेले. पैलवान एकटा लढतो हे फक्त पंचांच्या वहीत खरे असते.

आता खाशाबांकडे वळू. जन्म १५ जानेवारी १९२६, गाव कराडजवळचे गोळेश्वर. १९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये फ्लायवेट गटात सहावा क्रमांक. तिथे पहिल्यांदा गादीवरच्या कुस्तीशी गाठ पडली. १९५२ साली हेलसिंकीत बँटमवेट गटात कांस्य. स्वतंत्र भारताचे हे पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक. दुसरे यायला १९९६ उजाडले, म्हणजे मध्ये ४४ वर्षे गेली. त्याच गटात सुवर्ण मिळवणारा जपानचा शोहाची इशी हा त्या ऑलिंपिकमधला जपानचा एकमेव सुवर्णपदक विजेता होता. आपल्याकडच्या लेखांत हे सहसा येत नाही, आणि मला ते खटकते. प्रतिस्पर्धी केवढा होता हे सांगितले तर आपल्या माणसाची उंची कमी होत नाही.

‘पहिले’ या शब्दावर चाहत्यांचा फार जीव असतो. १९०० साली पॅरिसमध्ये नॉर्मन प्रिचर्ड याने भारताच्या नावावर दोन रौप्यपदके मिळवली होती, म्हणून ‘स्वतंत्र भारताचे’ हे विशेषण लावावे लागते. काही लेखक ते गाळतात, काही प्रिचर्डला इंग्रज ठरवून मोकळे होतात. दोन्हींची गरज नाही. गोळेश्वरच्या माणसाला पॅरिसच्या नोंदीशी काय देणेघेणे?

खरी मौज बैलगाड्यांची आहे. हेलसिंकीहून परतल्यावर कराड स्टेशनपासून खाशाबांची मिरवणूक निघाली. ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो, कराडचे स्टेशन गावापासून लांब ओगलेवाडीला आहे. कोरेगावहून रहिमतपूर, तारगाव, मसूर करत गाडी तिथे पोचते. मिरवणुकीत बैलगाड्या होत्या, याबद्दल सगळ्यांचे एकमत. किती होत्या, याबद्दल नाही. कुठे ‘शंभराहून अधिक’, कुठे १०१, आणि सर्वांत लोकप्रिय आकडा १५१. एरवी पाव तासाच्या वाटेला सात तास लागले, असेही सांगतात.

मी बराच काळ यातला खरा आकडा कोणता याच्या मागे होतो. मग लक्षात आले की ५१, १०१, १५१ हे आकडे आपण एरवी कुठे ऐकतो? आहेराच्या पाकिटात, गणपतीच्या पावतीवर, कुस्तीच्या इनामात. गाड्या मोजणारा माणूस चौकात उभा राहून १५१ वर थांबला असेल असे मला वाटत नाही. तो आकडा देणगीच्या भाषेतला आहे. वरचा एक रुपया जसा शुभाचा, तशी वरची एक गाडी. ज्या लोकांनी पोराला परदेशी पाठवायला वर्गणी काढली, त्यांनीच त्याच्या स्वागताची आठवण वर्गणीच्या आकड्यात जपून ठेवली. इतिहासकाराला हा आकडा निरुपयोगी वाटेल. चाहत्याच्या अभिमानाचा अभ्यास करणाऱ्याला मात्र याच्याइतका बोलका पुरावा दुसरा नाही.

कारण हेलसिंकीचा प्रवासच मुळी वर्गणीवर झाला. गोळेश्वर-कराड भागातून पैसे जमले. कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य बॅ. बाळासाहेब खर्डेकर यांनी आपले राहते घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले. हा प्रसंग प्रत्येक लेखात येतो, आणि प्रत्येक लेखात खर्डेकर दोन ओळींत येऊन जातात. त्यागमूर्ती म्हणून हार घातला की त्यांचे काम संपते. त्यापुढची गोष्ट कमी सांगितली जाते. परत आल्यावर खाशाबांनी कुस्त्यांची मैदाने भरवली, स्वतः लढले, आणि त्या पैशातून खर्डेकरांचे गहाण घर सोडवले, अशी नोंद चरित्रपर लेखनात आहे. पदक जिंकून आलेला माणूस पुन्हा लाल मातीत उतरतो, तो उसने फेडायला. या कथेतला सर्वांत मोठा डाव मला हाच वाटतो, आणि शाळकरी भाषणांत नेमका हाच गाळलेला असतो.

तक्रारीकडे येतो. ती खोटी नाही. १९५५ साली खाशाबा पोलीस खात्यात फौजदार म्हणून लागले. १४ ऑगस्ट १९८४ रोजी रस्ता अपघातात त्यांचा मृत्यू झाला. अर्जुन पुरस्कार मिळाला तो मरणोत्तर. पद्म पुरस्कार हयातीत मिळाला नाही. दिल्लीतल्या कुस्तीच्या स्टेडियमला २०१० मध्ये त्यांचे नाव दिले गेले. गोळेश्वरला कबूल केलेली कुस्ती अकादमी उभी राहीना, तेव्हा २०१७ साली कुटुंबावर पदकाचा लिलाव करू असे जाहीर करण्याची वेळ आली. हे सगळे लिहिलेच पाहिजे. माझे म्हणणे वेगळे आहे. जयंतीचे लेख ही तक्रार ज्या जागी ठेवतात ती जागा चुकीची आहे. लेखाचा पहिला अर्धा भाग पदकाचा, दुसरा अर्धा अन्यायाचा, आणि वर्गणी देणारे लोक दोन्ही अर्ध्यांच्या फटीत पडतात. वाचकाच्या मनात उरतात दोनच पात्रे : एक महापुरुष आणि एक कृतघ्न सरकार. गाव उरत नाही. ज्या कथेत १९५२ साली आपले आजोबा पैसे देणारे होते, त्याच कथेत आपण नुसते हळहळणारे होऊन बसलो, हे लेखकांच्या ध्यानातही येत नाही. आणि हळहळणे स्वस्त पडते, हेही एक कारण असावे.

इथे बॉस्टनची एक हकिगत उपयोगी पडते. बिल रसेल हा सेल्टिक्सचा सर्वांत मोठा खेळाडू. १३ मोसमांत ११ अजिंक्यपदे, त्यांतली शेवटची दोन खेळाडू आणि प्रशिक्षक अशा दुहेरी भूमिकेत. १९७२ साली त्याचा ६ हा क्रमांक छताला चढवायचा ठरला. रसेलने अट घातली की प्रेक्षक आत यायच्या आधी हे उरकून टाका. रिकाम्या मैदानात, संघातल्या सोबत्यांसमोर तो आकडा वर गेला. कारण हे की ज्या शहराला त्याने जेतेपदे दिली त्याच शहराने कृष्णवर्णीय म्हणून त्याचा अपमान केला होता. त्याच्या घरात घुसून नासधूस झाली होती. चाहत्यांना अभिमान होता, पण त्या अभिमानात भागीदार व्हायला तो तयार नव्हता. १९९९ मध्ये भरल्या मैदानात तोच समारंभ पुन्हा झाला, आणि २०२२ साली त्याच्या मृत्यूनंतर संपूर्ण लीगने ६ हा क्रमांक निवृत्त केला. निशाण तेच, आकडा तोच. पण १९७२ च्या रिकाम्या खुर्च्या आणि कराडच्या बैलगाड्या शेजारी ठेवून पाहाव्यात. बॉस्टनने तिकीट काढले होते. कराडने वर्गणी दिली होती. तिकीट काढणाऱ्याचा हक्क सामन्यापुरता असतो, आणि हे रसेलला पक्के ठाऊक होते.

अर्थात वर्गणी हेच सगळे, असेही नाही. सांगली जिल्ह्याकडे पाहा. १९६२ च्या जकार्ता आशियाई खेळांत शिराळा तालुक्यातल्या पुनवतचे गणपतराव आंदळकर यांनी ग्रीको-रोमनमध्ये सुवर्ण आणि फ्रीस्टाइलमध्ये रौप्य मिळवले. कवठेपिरानच्या मारुती माने यांनी नेमके उलटे केले : फ्रीस्टाइलमध्ये सुवर्ण, ग्रीको-रोमनमध्ये रौप्य. एका जिल्ह्यातल्या दोन मल्लांनी एकाच स्पर्धेतून चार पदके आणली. आंदळकर १९६० चे हिंदकेसरी, माने १९६४ चे. पदकांच्या मोजणीत हे दोघे खाशाबांच्या पुढे जातात, तरी शाळेच्या भिंतीवर त्यांची चित्रे क्वचित दिसतात. त्यांची आठवण दुसऱ्या वाटेने टिकली. आंदळकरांनी कोल्हापूरच्या मोतीबाग तालमीत पिढ्या घडवल्या. आज कुणी निवेदक ‘आंदळकर वस्तादांचा पठ्ठा’ म्हणतो, किंवा त्या पठ्ठ्याचा पठ्ठा म्हणतो, तेव्हा जाणकारांच्या माना आपोआप हलतात. खाशाबांना कथा मिळाली, आंदळकरांना शिष्य मिळाले. यांतले जास्त टिकाऊ काय, यावर मैदानाबाहेरच्या चहाच्या टपरीवर वाद घालायला मी केव्हाही तयार आहे. माझे मत शिष्यांच्या बाजूने.

तालमीचा हा अभिमान किती अरुंद होता, तेही सांगायला हवे. आखाड्याच्या कडेला बायका-मुलींना कित्येक गावांत उभे राहू देत नसत, मग आत उतरणे दूरच. त्यामुळे याच जिल्ह्याने अलीकडे जे मोठे खेळाडू दिले त्यांतल्या मुलींना या परंपरेचा काहीच आधार नव्हता. माण तालुक्यातल्या मोहीच्या ललिता बाबर २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये ३००० मीटर स्टीपलचेसच्या अंतिम फेरीत धावल्या आणि दहाव्या आल्या. १९८४ च्या पी. टी. उषांनंतर ऑलिंपिकमध्ये ट्रॅकवरच्या वैयक्तिक शर्यतीची अंतिम फेरी गाठणाऱ्या त्या पहिल्या भारतीय महिला. माणच्या दुष्काळी माळावरून आलेल्या या दहाव्या क्रमांकाला आमच्याकडे बैलगाड्यांची कथा जडली नाही.

आणि साताऱ्याची आदिती स्वामी. ऑगस्ट २०२३, बर्लिन, जागतिक तिरंदाजी स्पर्धा. ज्योती सुरेखा व परनीत कौर यांच्यासह तिने कंपाउंड प्रकारात सांघिक सुवर्ण जिंकले. या स्पर्धेच्या इतिहासातले भारताचे ते पहिले सुवर्ण. दुसऱ्याच दिवशी वैयक्तिक सुवर्णही तिचेच. वय १७. त्या आठवड्यात सातारा रस्त्याला जागोजागी फ्लेक्स लागले, आणि बहुतेकांवर एकच शब्द मोठ्या अक्षरांत होता : ‘आमची’.

मी फ्लेक्सही साहित्याचाच प्रकार मानतो, म्हणून थांबून वाचले. वर आदितीचा फोटो, खाली शुभेच्छुकांचे त्याहून मोठे फोटो. इनाम लावणाऱ्याचे नाव पुकारण्याची मैदानावरची जुनी रीत इथे आली आहे, फक्त इनाम वगळून. कंपाउंड धनुष्याची किंमत लाखांच्या घरात जाते. शिक्षक असलेल्या तिच्या वडिलांनी ते कर्ज काढून घेतले, हे वर्तमानपत्रांत छापून आले होते. तिच्या सरावाची जागा उसाच्या शेताला लागून होती, हेही आले होते. त्या कर्जात फ्लेक्सवरच्या कुणाचा किती वाटा होता, ते फ्लेक्सवर लिहिलेले नव्हते.